मारबत कोणाची

"हा खेळ कोणाचा आहे, वहिनी?" भैयाजींनी विचारलं, आणि मी "माझा" म्हणाले.

खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि म्हणताना मी त्यांच्याकडे न बघता बेबीकडे बघत होते. ती दुकानाच्या फरशीवरून रांगत विजेच्या बोर्डाकडे निघाली होती.

सीताबर्डीवर भैयाजींचं व्हिडिओ गेमचं पार्लर आहे. पुढे पोरं नाणी टाकून खेळतात, मागच्या खोलीत भैयाजी परदेशी खेळांच्या कॅसेटी उतरवून विकतात. माझ्या माहेरच्या ट्रंकेतली एका खेळाची कॅसेट आमच्या ह्यांनी गंमत म्हणून तिथे लावून दाखवली, आणि पोरं आपापली मशिनं सोडून भोवती जमली. भैयाजींना तेवढं पुरलं. पोळ्याच्या आत तो खेळ नागपूर, अमरावती, रायपूरला काढायचा त्यांनी बेत केला. त्यासाठी कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं, की छापायचे-विकायचे सगळे हक्क आता त्यांचे.

"इंग्लंडवाल्याच्या खेळाले कोणाले विचारा नाही लागत," ते हसत म्हणाले. "पण गावातल्या माणसाचं तसं नाही. उद्या कोणी दारात येऊन उभं राहिलं तं?"

दारात येऊन उभी राहू शकेल अशी एकच होती. चारुलता.

तीन वर्षांपूर्वी, आम्ही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना, तिच्या काकांनी मस्कतहून टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आणला होता. त्यावर आम्ही दोघींनी 'मारबत' हा खेळ केला आणि टेपच्या कॅसेटवर उतरवून ठेवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे बाईचा भलामोठा पुतळा, वस्तीतली सगळी रोगराई घेऊन गावाबाहेर जाते. आमच्या खेळात ती खेळणाऱ्याने इतवारीतल्या गल्ल्यांतून ओढत न्यायची. घराघरांतून लोक आपली पिडा तिच्यावर टाकणार. खोकला, ढेकूण, नापासाचा निकाल, एका घरातून तर थेट सासू. पिडा वाढली की मारबत जड होते आणि वळणावर अडते. प्रोग्राम मी लिहिला. गल्ल्यांची चित्रं चारुलताने काढली, ती इतवारीतच वाढलेली. कोणत्या घरातून कोणती पिडा पडणार, तेही तिनेच ठरवलं. एकदा सासू खाली पडताना टीव्हीवर इतकी वेडीवाकडी झाली की आम्ही हसून हसून रडलो होतो.

खेळ सुरू झाला की काळ्या पडद्यावर आधी दोन नावं यायची: अरुंधती, चारुलता.

पुढे माझं लग्न झालं. ताटातल्या तांदळात अंगठीने 'देवकी' लिहिलं गेलं, आणि माहेराबाहेर अरुंधती म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नाही. देवकी म्हणूनही फारसं कोणी बोलवत नाही म्हणा. मी रूपरावांची बायको, नाहीतर बेबीची आई. भैयाजी म्हणाले, डब्यावर तुमचं नाव मोठ्या अक्षरात टाकू. ते ऐकल्यापासून पोळ्या लाटतानासुद्धा मला तो डबा दिसायला लागला.

ह्यांना मी चारुलताचं सांगितलं. सांगितलं नाही असं नाही. तर हे म्हणाले, "तिनं चित्रं काढली नं फक्त? पोस्टर रंगवणाऱ्याचा सिनेमा होते काय?" आणि मी हसले. वाद घालायचा सोडून हसले.

भैयाजींची एकच अट होती. डब्यावर एक नाव आणि पडद्यावर दोन, असं चालणार नाही. पडद्यावरची नावं बदलून द्यायची, मग कागदावर सही. सोमवारी येते, मी म्हणाले.

रविवारी चारुलता घरी आली. हिंगण्याच्या एका कारखान्यात ती ऑफिसात आहे. कित्येक महिन्यांत भेट नव्हती. बेबीसाठी स्वतः शिवलेलं झबलं आणलं होतं. तिने दारातूनच "अरुंधती" अशी हाक मारली, तेव्हा तांदूळ निवडणाऱ्या सासूबाईंनी मान वर करून पाहिलं.

इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि ती सहज म्हणाली, "पुण्याचा एक जण मागून राहिला होता वं आपली मारबत. मी म्हटलं, माझ्या एकटीची नाही ते. अरुंधतीले विचारल्याशिवाय नाही देत."

"मग?"

"मग काय, गेला तो. घाई होती त्याले."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, झबलं जरा सैल होईल. ती बेबीला घ्यायला पुढे झाली तर म्हणाले, तिला सर्दी आहे, तुला लागेल. खरं म्हणजे बेबी तिच्या मांडीवर बसली असती तर चारुलता आणखी अर्धा तास थांबली असती, आणि तो अर्धा तास मला काढता आला नसता.

सोमवारी बेबीला कडेवर घेऊन मी भैयाजींच्या मागच्या खोलीत बसले. कॅसेटवरचा खेळ किंचाळत किंचाळत कॉम्प्युटरमध्ये गेला. मी प्रोग्राम पडद्यावर उघडला. नावांच्या दोन ओळी अगदी वरतीच. पुढे पोरांची भांडणं लागली म्हणून भैयाजी उठून गेले. चारुलताच्या नावाशी येऊन मी थांबले. बटण दाबलं की एकेक अक्षर जातं. एकदम नाही जात. मी वरच्या ओळीवर गेले आणि माझंच नाव काढून टाकलं. मग बदललेला खेळ कॅसेटवर उतरवायला रेकॉर्डचं बटण दाबलं.

भैयाजी आले तेव्हा मी सही न करताच कागद त्यांच्या हातात परत दिला. खेळ चारुलताचा आहे, तिलाच विचारा, म्हणाले.

"परवा तं तुमचा होता," ते म्हणाले.

मी त्यांना हिंगण्याचा पत्ता दिला. परत येताना मला हलकं वाटत होतं. थोडा मोठेपणाही वाटत होता, लपवत नाही.

गुरुवारी संध्याकाळी चारुलता कंपनीच्या बसमधून उतरून थेट आमच्याकडे आली. भैयाजी जाऊन आले होते आणि त्यांनी पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं होतं. मी बस म्हटलं, ती बसली नाही.

"आधी माझं नाव काढाले निघाली. मग आपलंच काढून सगळं माझ्या गळ्यात टाकलं. दोन्ही खेपा मले विचारलं काहून नाही वं?"

"मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"तुले बरं वाटलं." ती आवाज न चढवता बोलत होती. "त्यातली एक ओळ मले लिहिता येत नाही. उद्या भैयाजी म्हणन, हे दुरुस्त करून द्या, तं मी काय करू? खेळ माझा म्हणून तूच सांगितलं नं त्याले."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुकानात बसून मी चारुलताचा विचार करते आहे असं मला वाटत होतं, आणि तिचा म्हणून जो विचार करायचा तो एकही केला नव्हता.

"उद्या मी जाते भैयाजीकडं," ती म्हणाली. "तू येऊ नको."

"मी आले तर समजावून—"

"नको म्हटलं नं."

मी बरं म्हणाले. ती गेली.

भैयाजींना तिने काय सांगितलं, पुण्याच्या माणसाला पुन्हा लिहिलं की नाही, मला ठाऊक नाही. पोळा तोंडावर आला आहे. हे दर दोन दिवसांनी भैयाजींच्या दुकानावरून येतात. तिथलं काही सांगायला लागले की मी बेबीला उचलून आत जाते.