पेटीतल्या एकोणीस पायल

मी एक जुनी अभिप्राय पेटी आहे. सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात मोठ्या माणसांना मराठी लिहायला-वाचायला शिकवणारं एक केंद्र आहे, तिथल्या जिन्याजवळ मी टांगलेली असते. मित्रांनो, मला बघून कुणी हरखत नाही, हे मला ठाऊक आहे. पण एकदा माझ्या पोटातल्या चिठ्ठ्यांनी सगळ्या केंद्राच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

प्रभुलिंग सुताराने बाकांच्या उरलेल्या फळ्यांतून मला बनवलं. पहिली दोन वर्षं माझी चैन होती. शिकवणाऱ्या शिवलीला मॅडम दर शनिवारी मला उघडायच्या. पंख्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, असं कुणी लिहिलं, तर सोमवारी वर्ग दुसऱ्या खोलीत भरला. तेव्हा माझी मान ताठ असायची, म्हणजे मला मान असती तर. पुढे गुरुशांत सर केंद्रप्रमुख झाले. माणूस वाईट नव्हता, पण तक्रार दिसली की त्यांचं डोकं उठायचं. त्यांनी मला उघडणंच बंद केलं. चार वर्षं मी धूळ खात पडले. त्याचं मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

यंदा पत्र आलं, की मान्यतेसाठी तपासणी समिती येणार. मान्यता मिळाली नाही, तर केंद्राच्या प्रमाणपत्राला कुणी विचारणार नव्हतं. याची सगळ्यांत जास्त धास्ती घेतली कमलम्माने. ती कुंभारी गावाहून यायची, घरी तेलुगू बोलायची. बारा वर्षं विड्या वळून तिची बोटं आखडली होती. गावातल्या बालवाडीत मदतनीस हवी होती, आणि मराठी लिहिता येतं याचं मान्यता असलेलं प्रमाणपत्र महिनाअखेरपर्यंत तिथे द्यायचं होतं.

समिती विद्यार्थ्यांचे अभिप्रायही बघते, हे सरांना आदल्या दिवशी आठवलं. जुन्या चिठ्ठ्या त्यांनी न वाचताच काढून टाकल्या, मला वर्गात नेऊन टेबलावर ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं, ‘शिकवणे उत्तम. सोयी उत्तम. तक्रार नाही.’ खाली नमुन्यासाठी एक नाव घातलं, पायल. बायकांना त्यांचं त्यांना लिहू द्या, असं शिवलीला मॅडम म्हणाल्या. सर म्हणाले, आता तेवढा वेळ कुठे आहे? तेवीस बायकांनी माना खाली घालून फळा उतरवून घेतला आणि चिठ्ठ्या माझ्यात टाकल्या. खाली स्वतःचं नाव फक्त चौघींनी घातलं.

दुसऱ्या दिवशी समितीच्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझं झाकण उघडलं. एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. मग त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या आणि शांतपणे विचारलं, “तुमच्या वर्गात पायल नावाच्या एकोणीस जणी आहेत?”

वर्गात पायल एकही नव्हती. सर उगाच हजेरीपट चाळू लागले. मग ते पुटपुटले, की मॅडमनी बायकांना नीट सांगितलं नसेल. शिवलीला मॅडमचा चेहरा एकदम उतरला. एवढी वर्षं जीव ओतून शिकवलं, आणि आता सगळं खापर त्यांच्याच माथी फुटणार होतं.

तेव्हा कमलम्मा उठली. गप्प बसलं तर प्रमाणपत्र कदाचित मिळेलही, हे तिला कळत होतं.

“त्यातली एक पायल मी हाय,” ती म्हणाली. “सरांनी फळ्यावर लिवलं, ते समदं आमी उतरवलं. मॅडमचं काय बी चुकलं न्हाय.”

बाईंनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि तिला मनातलं काहीतरी लिहायला सांगितलं. आखडलेल्या बोटांनी तिने पेन धरलं. तीन ओळींना तिला दहा मिनिटं लागली.

‘माझे नाव कमलम्मा. फळ्यावरचे लिहिता येते. मनातले लिहायला अजून शिकायचे आहे.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता त्या खूश होऊन सही करतील. तसं झालं नाही. शिकवण्याबद्दल त्यांनी चांगले चार शब्द लिहिले, पण अभिप्राय बनावट म्हणून मान्यता सहा महिने पुढे ढकलली. महिना संपला. बालवाडीत दुसरीच मदतनीस लागली.

मला पुन्हा जिन्याजवळ टांगलं होतं. त्यानंतरच्या शनिवारी सरांनी मला स्वतः उघडलं. आत एकच चिठ्ठी होती. ‘बालवाडीची जागा गेली. पुन्हा निघेल. तोवर मला अर्ज लिहायला शिकवा. कमलम्मा.’ सर ती हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी ती पुन्हा वाचली. सोमवारी अर्जाचा वर्ग त्यांनीच घेतला. प्रत्येकीजवळ जाऊन ते विचारत होते, तुम्हाला काय सांगायचं आहे?

मित्रांनो, मला रंग द्या, फुलं लावा, असं माझं काही मागणं नाही. तुमचं मत कुणी विचारलं, तर ते तुमच्या नावाने लिहा. आणि मोठे होऊन कुठे साहेब झालात, तर पेटीत आलेली प्रत्येक चिठ्ठी वाचा. वाचायचं नसेल, तर पेटी टांगूच नका. तिच्यात चिठ्ठी टाकणारी बाई उत्तराची वाट बघत असते.