मोडायचं, पण कापायचं नाही

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही लोखंडाचे आहात, पिंपासारखे गोल, आणि इतके जड की चार माणसांनी ढकललं तरी जागचे हलत नाही. शेडच्या मागे गवतात पडून आहात. कित्येक वर्षांत तुमच्याकडे एकच पाहुणी आली, ती म्हणजे तुमच्या आडोशाला अंडी उबवणारी कोंबडी.

तो मी. मी एक जुना लोखंडी रूळ आहे.

जाड पत्रा वळवून मला घडवलं, तेव्हा माझ्या अंगावर ऊन चमकायचं. ढेकळं फोडायची आणि जमीन सारखी करायची, हे माझं काम. या घरचे आजोबा तरुणपणी मला बैलांमागे जोडून शेतात निघाले की पाहणारे म्हणत, "रूळ असावा तर असा!" मग नवी यंत्रं आली आणि मी शेडमागे गेलो. गंज चढला तसं माझं नाव 'ते धूड' असं पडलं.

शेत आता आजोबांची मुलगी पाहत होती. तिची भाची भिंगरी तिच्याजवळच राहायची. ही पोर एका जागी ठरत नसे, म्हणून हे नाव. भिंगरी तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणतो.

आत्या सोयाबीन पेरायची. सोयाबीन लहानपणी अगदी साधंभोळं. ते पानं पसरून जमीन झाकेपर्यंत तण त्याच्या डोक्यावर चढून बसतं. दरवर्षी आत्या ओळीओळीने वाकून खुरपत राहायची. शेवटी कंबर धरली. डॉक्टरांनी वाकायची बंदी केली. घरात ठरलं, की यंदा तण आवरलं नाही तर शेत शेजाऱ्याला कसायला देऊन टाकायचं. त्या दिवशी आत्या बराच वेळ मला टेकून उभी होती.

मग कुठल्याशा शेतावर ती एक नवी रीत पाहून आली. थंडीच्या तोंडाला तिने रिकाम्या शेतात राय पेरली. राय म्हणजे गव्हाचा उंच चुलतभाऊ. ती आडवी पाडायची, तिचा जाड थर जमिनीवर राहू द्यायचा आणि त्यातूनच सोयाबीन पेरायचं. ऊनच मिळालं नाही, तर तण उगवणार कसं?

आजोबा हसले. "गवत मारायला गवत पेरतेस? काट्याने काटा काढणार म्हण की!"

"काटा काट्यानेच निघतो, बाबा," आत्या म्हणाली. "तुमचं ते धूड द्या मला."

भिंगरीने कोंबडीला टोपलीत बसवून शेडमध्ये नेलं आणि मला बाहेर ओढलं गेलं. लोहारकाकांनी माझ्या अंगावर लोखंडी पट्ट्या जोडल्या.

"धार लावून देऊ का झकास?" त्यांनी विचारलं.

"नको हो काका! कापली तर बुंध्यातून पुन्हा फुटेल. काडी फक्त ठेचून मोडायची."

वजन वाढावं म्हणून माझ्या पोटात पाणी भरलं, मला ट्रॅक्टरला जोडलं आणि मी निघालो. राय माझ्यापुढे भराभर आडवी होत गेली. किती वर्षांनी मला काम मिळालं होतं!

पण मित्रांनो, घाई नडली. शेजाऱ्यांच्या पेरण्या सुरू झालेल्या पाहून आत्याला धीर धरवला नव्हता. थोड्याच दिवसांत राय झोपेतून उठावी तशी माना वर करू लागली. आठवडाभरात अर्धंअधिक शेत पुन्हा उभं!

"झालं समाधान?" आजोबा म्हणाले. "आता तणही तुझं आणि रायही तुझी. त्या धुडासाठी भंगारवाल्याला बोलावतो."

आत्या पायरीवर मटकन बसली. मला तर जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात भिंगरी धावत आली. तिच्या काळ्या बाह्या पिवळ्या भुकटीने माखल्या होत्या.

"आत्या, शेडच्या भिंतीजवळची राय उठलीच नाही! अजून लोळतेय."

"तुझं आपलं काहीतरीच."

"चल ना! आणि हे बघ, आपण ती पाडली ना, त्या दिवशीही तिथे माझे कपडे असेच पिवळे झाले होते. बाकी शेतात नाही. आज मात्र सगळीकडे होतायत."

आत्या उठली. भिंतीच्या उबेने तिथली राय आधीच फुलोऱ्यात आली होती. फुललेली राय मोडली ती मोडली. कोवळी होती ती पुन्हा उठली. आत्याने मधल्या शेतातली एक ओंबी हलवली. पिवळा पराग भुरभुरला.

"अगं, रीत नाही चुकली, दिवस चुकला!" ती ओरडली. "बाबा, भंगारवाल्याला सांगा, धूड कामावर गेलंय!"

दुसऱ्यांदा मी गेलो तेव्हा काड्या कडाकड मोडल्या आणि तशाच पडून राहिल्या. मागोमाग पेरणी झाली. मग वाट पाहणं. चटईसारख्या त्या थरातून सोयाबीनचे कोंब वर आले आणि हळूहळू हिरव्या ओळी भरल्या. आजोबा काठीने थर उचकून तण शोधत हिंडले. खाली ओली माती आणि उजेड न मिळाल्याने पांढरेफटक पडलेले तणाचे कोंब होते. दांडगं तण मूठभरच सापडलं, ते त्यांनी स्वतःच उपटलं.

"एवढंच?" ते म्हणाले. "मग मी दिवसभर करू काय?"

आत्या खळखळून हसली, बांधावर पाय पसरून, पाठ ताठ ठेवून. शेत घरातच राहिलं. माझ्या पोकळ पोटातसुद्धा हायसं वाटलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला टाकाऊ म्हणण्याआधी तिला योग्य वेळी योग्य काम देऊन पाहा. आणि काम झालं की तिला विसरू नका.

भिंगरी विसरली नाही. राय मोडून झाली त्याच संध्याकाळी तिने माझ्या पोटातलं पाणी सोडलं, पट्ट्यांना चिकटलेल्या काड्या खरवडल्या आणि आसाला ग्रीस लावलं. मग शेडमध्ये जाऊन तिने कोंबडीची टोपली आणली आणि हळूच पुन्हा माझ्या आडोशाला ठेवली.