सावळ्या योद्ध्याचे गुण

सुखदा हेब्बाळच्या एका छोट्या कंपनीत ॲप बनवत होती. मित्रमंडळी टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन जी गोष्ट खेळतात, तिच्यासाठी त्यात आपलं पात्र घडवता यायचं. तपासणीचं काम निपाणीच्या महांतेशकडे होतं. त्याने हौसेने आपल्यासारखाच एक योद्धा घडवला. त्वचेचा रंग सावळा निवडताच ‘आकर्षण’ आणि ‘बुद्धी’ दोन्हींचे गुण धाडकन खाली आले.

“सुखदाक्का, हे तुम्ही ठेवलंय?” त्याने हळूच विचारलं.

तिने तडक आपल्या मॅनेजरला, अजितला, गाठलं.

“मीच टाकलं ते,” तो हसला. “अगं, रिॲलिस्टिक नको का? लोकांना हेच आवडतं.”

“महांतेशने पाहिलंय ते.”

“मग? तो काही मनाला लावून घेणारा नाही.”

सुखदा आपल्या जागेवर परतली. तिने तो नियम काढून टाकला. संध्याकाळपर्यंत अजितने तो परत घातला. महांतेशने तपासणीवर सही करायला साफ नकार दिला आणि सुखदाने राजीनामा दिला.

“एवढ्याशा गोष्टीसाठी?” म्हणत अजितने हात पुढे केला. तो हात तिला हातात घेववेना. तशीच ती जिना उतरली.