निरभ्र व्हँकूव्हर

भाऊ कॅनडाहून येणार हे ठरलं तेव्हा ताईनं त्याला फोनवर एकच गोष्ट बजावली. "बाकी काही आणलं नाहीस तरी चालेल, पण तू काढलेले शहरांचे फोटो आण. टीव्हीवर मोठे करून बघू. आईला हौस आहे."

आईला हौस होतीच. पण वर्षभर मनात डूख धरून बसली होती ती ताई.

चार वर्षांपूर्वी त्यांचे बाबा गेले. शेवटचा आठवडा ताई आपलं चष्म्याचं दुकान बंद ठेवून हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी होती. बाबांचा एकच धोशा होता, "तो निघाला का?" आणि भाऊ फोनवर सांगत होता, "टोरांटोत बर्फाचं वादळ आहे गं ताई. विमानं बंद आहेत. मी विमानतळावरच ठाण मांडून बसलोय." ताई तेच बाबांना सांगायची. बर्फ थांबला की निघतोय, बाबा. बाबा दाराकडे तोंड करून गेले. भाऊ आठवड्यानं एकटाच आला आणि आईच्या गळ्यात पडून रडला. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगत आलेली, "बर्फानं अडवलं हो माझ्या लेकराला."

मग गेल्या वर्षी भावजयीनं ताईला ढीगभर फोटो पाठवले. आईच्या खोलीत लावायला यातला एखादा निवडा, म्हणून. व्हँकूव्हरच्या एका फोटोखाली तिनं लिहिलं होतं, 'आमच्या लग्नाचा दहावा वाढदिवस.' ताई दुकानात काचा पुसत होती. तिचा हात थांबला. भावाच्या लग्नाचा दहावा वाढदिवस म्हणजे बाबा गेले त्याच्या आदला दिवस.

तिनं कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. भावाला फोन करून झापणं सोपं होतं. तो रडला असता, माफी मागून मोकळा झाला असता, आणि आई बर्फाचीच गोष्ट सांगत राहिली असती. ताईला त्याला मोकळं होऊ द्यायचं नव्हतं.

तर रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बैठकीच्या खोलीचे पडदे ओढले. आई आरामखुर्चीत, मावशी सोफ्यावर पाय वर घेऊन, भावजय तिच्या शेजारी. ताई मुद्दाम आईच्या खुर्चीला टेकून खाली बसली. भाऊ फोन टीव्हीला जोडून उभा राहिला.

पहिलं टोरांटो आलं. तळ्याकाठी उंच इमारतींची रांग आणि मधोमध सुईसारखा मनोरा.

"एवढ्या काचा धुतं कोण रे?" मावशीनं विचारलं.

"दोरानं लोंबकळून धुतात, मावशी."

"मग माझी खिडकी बरी."

सगळे हसले. ताईही हसली. मग कॅलगरी आलं. सपाट जमिनीवर कुणी ठोकळे उभे करून ठेवावेत तशा इमारती, पाठीमागे पांढऱ्या डोंगरांची ओळ. मग टेकडीवरून दिसणारं मॉन्ट्रियल, संध्याकाळचं, नदीपर्यंत दिवेच दिवे. भावाचा हात चांगला होता, हे ताईला कबूल करावं लागलं आणि त्याचाही तिला राग आला. आई प्रत्येक फोटोला "सुरेख" म्हणत होती, जणू ती शहरं लेकानंच बांधली होती.

शेवटी व्हँकूव्हर आलं. समोर पाणी, पाण्यावर निळसर काचेचे मनोरे, मागे बर्फाची शिखरं. वर आभाळ स्वच्छ निळं, औषधालाही ढग नाही.

"हा सगळ्यांत छान," ताई म्हणाली. "कधीचा रे?"

भावानं बोटानं फोटो पुढे सरकवायला घेतला. "असेल दोन-तीन वर्षांपूर्वीचा."

"थांब ना. आईला बघू दे. टोरांटोहून लांब असेल ना हे? गाडीनं गेलात?"

"गाडीनं कसले, ताई?" भावजय म्हणाली. "विमानानंच पाच तास लागतात. आणि अहो, दोन-तीन वर्षं काय? आपला दहावा वाढदिवस नव्हता का?" तिचा आवाज खाली आला. "तिथेच तर बाबांची बातमी कळली आपल्याला."

मावशीचे पाय सोफ्यावरून खाली आले. भाऊ टीव्हीकडेच बघत राहिला.

"विमानं बंद होती ना?" आईनं विचारलं.

"कुठली विमानं?" भावजय गोंधळली. "ताई, तुम्हीच निरोप दिला होता ना, धोका टळलाय, घाई करू नका म्हणून? यांनी मला तसंच सांगितलं. नाहीतर आम्ही फिरायला गेलो असतो का?"

हे ताईला माहीत नव्हतं. आपल्या नावावरही एक खोटं खपवलंय हे कळल्यावर उरलीसुरली दयामाया संपली. "मी दर दोन तासांनी फोन करत होते," ती शांतपणे म्हणाली. "लवकर ये म्हणून. विचार त्याला."

भावजयीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. आईनं ताईला पडदे उघडायला सांगितलं.

थोड्या वेळानं भाऊ मागच्या गॅलरीत आला. ताई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"मला एकट्याला विचारायचंस ना. पाया पडलो असतो तुझ्या."

"म्हणूनच नाही विचारलं."

"मला बाबांना तसं बघवलं नसतं, ताई."

"मला बघवत होतं?"

तो कठड्याला धरून उभा राहिला. ताईनं टॉवेलची घडी घातली. तिच्या जिवाला थंडावा मिळाला होता आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.

संध्याकाळी आईनं तिला विचारलं, "फोटो आण म्हणालीस ते यासाठी?"

"हो."

"माझा विचार केलास?"

"केला. तरी केलं."

आई म्हणाली, "मीही सांगत होते त्यांना, निघालाय, येईलच." आणि डोळे पुसायला उठून गेली. ताईनं तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी भावजय माहेरी निघून गेली. भाऊ सुट्टी संपेपर्यंत राहिला. आई त्याला आधी वाढायची, पण काही विचारायची नाही. बर्फाचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. तो ताटावर बसून एकदा आईकडे, एकदा ताईकडे बघायचा. आपल्याला कुणीतरी एकदा चांगलं फैलावर घ्यावं असं त्याला फार वाटत होतं, हे ताईला दिसत होतं. तिनं एकदाही आवाज चढवला नाही. "भात घे," म्हणायची आणि दुकान उघडायला निघायची.