आलोशियस "बरं" म्हणाला

भुईगावचा आलोशियस आणि त्याची थोरली बहीण पॉलिन यांचं कशावरच एकमत होत नसे. दोन वर्षांपूर्वी पॉलिनने त्याला आपली एक किडनी दिली. त्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा आधी कुणाला फोन करायचा यावरून दोघं भांडली होती.

म्हणून कुंपणाजवळचा चिकू तोडू या, असं पॉलिनने सहज म्हटलं आणि त्याने "बरं" म्हटलं, तेव्हा ती चमकली. तो चिकू त्यानेच लावलेला. गेले दोन दिवस तो कशावरूनच भांडला नव्हता, हेही तिच्या लक्षात आलं.

"डोकं अजून दुखतंय?"

"थोडं."

आठ दिवस दुखत होतं. ताप नव्हता. गावातल्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर तपासायला सांगितला होता. पॉलिनने मात्र दुसऱ्याच दिवशी गाडी करून त्याला मुंबईला किडनीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

"काय त्रास होतोय?"

"डॉक्टर, हा तीन दिवस माझं सगळं ऐकतोय," पॉलिन म्हणाली.

बाई हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून औषधांनी यांची प्रतिकारशक्ती कमी ठेवलीय. अशा वेळी ताप न येताही इन्फेक्शन मेंदूपर्यंत पोचू शकतं. स्वभाव बदलला, तर तीही खूण असते."

पाठीतून पाणी काढून तपासलं. मेंदूच्या आवरणाला बुरशीची लागण झाली होती. ही बुरशी पक्ष्यांच्या विष्ठेत वाढते. महिन्यापूर्वी आलोशियसने कोंबड्यांचं जुनं खुराडं झाडून काढलं होतं. कदाचित तिथूनच आली असेल.

औषध जालीम होतं, किडनीलाही त्रास देणारं. रोज रक्त तपासत. पॉलिन रोज सकाळी नर्सला विचारी, "माझी किडनी कशी आहे?"

दहाव्या दिवशी खाटेवरून आवाज आला, "तुझी? दिलेली वस्तू परत मागतेस?"

नर्स दचकली. पॉलिन रडता रडता हसायला लागली.

तीन आठवड्यांनी तो घरी आला. गोळ्या वर्षभर चालणार होत्या. कोंबड्या शेजारच्या मर्सीकडे गेल्या.

एका संध्याकाळी दोघं समुद्रावर हळूहळू चालत होती. आलोशियस मध्येच थांबला.

"बाय, तुझी किडनी काढली तिथे दुखतं का गं?"

दोन वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

"थंडीत जरा ठणकतं."

"मग सांगायचं ना! घरी गेल्यावर शेकायला गरम पाणी करून देतो."

त्याने तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.