उभ्यानं खाल्लेलं

जेवणाऱ्याच्या भाकऱ्या मोजायच्या नाहीत, हे चारुताला लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तिनं आपलं सहज विचारलं, "आई, तुम्हाला किती वाढू?" आणि सासूचा, मालूचा, हात कपाळाला गेला.

"किती ते इचारू नको गं, बाय. दिष्ट लागते. वाढत राहायचं. पोट भरलं की मानूस आपला हात आडवा करतो."

चारुता ठाण्याहून पनवेलला आलेली. वडील पोस्टात, घरी सगळं मोजूनमापून. इथं सासरी मिठागरातली माणसं. जमीन नव्या शहरासाठी गेली, तिच्या पैशांतून दुमजली घर उभं राहिलं, नवरा अवधूत बेलापूरच्या ऑफिसात लागला. सासरे काशिराम दिवसभर ओटीवर बसून वाटेवरच्या माणसांना हाका मारत. मिठाच्या पाट्या वाहिलेली मालू मात्र घरात बसून फुगत गेली. खाणं तेच राहिलं, पाट्या गेल्या.

मग मालूला हर्निया निघाला. बेंबीपाशी आतडं बाहेर यायचं आणि ती ते हातानं आत ढकलून पुन्हा कामाला लागायची. डॉक्टरांनी तपासलं आणि चारुताला बाजूला घेऊन सांगितलं, "ऑपरेशन करायलाच हवं. आतडं कधी बाहेर अडकून बसलं तर धावपळ करायलाही वेळ मिळायचा नाही. पण एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही. आठ किलो उतरवा. काय खातात, किती खातात, सगळं मोजा." आणि कॅलऱ्यांचा एक छापील तक्ता हातात दिला.

म्हणजे या घरात जे करायचं नाही, नेमकं तेच करायचं होतं.

चारुता बालवाडीत शिकवायची. समोरच्याला कळलं नाही तर आपण सांगण्यात चुकलो, असं ती धरून चालायची. त्या संध्याकाळी ती चुलत्यांकडून आणलेली चिंच फोडत बसलेल्या मालूशेजारी जाऊन बसली.

"आई, कॅलरी म्हणजे चुलीतलं लाकूड समजा. खाल्लं की लाकडं आली. काम केलं की जळली. उरली ती पडवीत रचून राहतात."

मालूनं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "मंग माजी पडवी भरली म्हन की!" आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

चारुतानं समोरच्या ढिगातले बारा चिंचोके उचलून वाटीत टाकले. "ही दिवसभराची लाकडं. एक भाकरी खाल्ली की दोन चिंचोके या वाटीतून त्या वाटीत. वाटीभर भाताचे दोन. कालवणाचा एक, चहाचाही एक. वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचं खाणं संपलं."

"पन मोजायचं कोनी?"

"तुम्हीच. मी फक्त सकाळी वाटी भरून ठेवीन."

मालूनं जरा विचार केला. "आपलं आपन मोजलं तर दिष्ट नाय लागत," ती म्हणाली, आणि ते ठरलं.

मालू मोजायचीही चोख. रात्री दोघी शेवटी जेवायला बसत, तेव्हा ताटाशेजारी वाट्या असत. तिसऱ्या भाकरीकडे गेलेला हात वाटीत एकच चिंचोका पाहून मागे येई. मग ती पाणी पिऊन उठायची आणि सुनेला सांगायची, "तू जा, पोरीला निजव, मनस्वीला. मी आवरते."

शेजारच्या आशालताबाईंना मात्र राहवेना. एकदा कपडे वाळत घालताना त्या कुंपणावरून म्हणाल्या, "काय मालूबाई, सुनेनं चिंचोक्यांवर ठेवलंय म्हणे? आमच्याकडे सासूचे घास मोजणारी सून आली असती तर मी माहेरी धाडली असती हो!"

"घास मी मोजते," मालू म्हणाली. "ती फकस्त वाटी भरते. आनि तुमची तर तुमालाच माहेरी धाडायला निगालेली, ती गोष्ट आमी इसरलो नाय."

आत चारुताला हसू आलं, पण ते बोलणं रुतून राहिलं. आपण खरंच या बाईचा घास तोडतोय का? तिनं आयुष्यभर ओझी वाहिली आणि म्हातारपणी आपण तिला तिसरी भाकरी नाकारतोय.

महिन्यानं काट्यावर उभं केलं, तर वजन उतरायचं राहिलं बाजूला, अर्धा किलो वाढलेलंच निघालं.

डॉक्टरांनी चारुताकडे पाहिलं. "नीट मोजता ना?"

मालूनं मान खाली घातली. परतताना रिक्षात तिनं पदर पोटावर ओढून घेतला. मग म्हणाली, "माजं शरीरच खोटं बोलतंय बग. ऱ्हाऊ दे आता ते आपरेशन. ढकलते हातानं, चाललंय माजं."

"चाललंय कुठं, आई? परवा घंगाळ उचलताना केवढ्यानं ओरडलात!"

पदराआड मालूचा हात बेंबीवरच होता.

त्यानंतरच्या आठवड्यात बालवाडीतलं पाणी गेलं आणि मुलांना लवकर सोडावं लागलं. चारुता भर दुपारी घरी आली. काशिराम जेवून आडवे झाले होते. तीन वर्षांची मनस्वी आजीच्या लुगड्याला धरून उभी होती. मालू ओट्याशी उभी राहून भाताच्या पातेल्याच्या कडा भाकरीच्या तुकड्यानं निपटत होती. तो तुकडा तोंडात गेला. मग मनस्वीच्या ताटलीतला उरलेला वरणभात. मग कालवणाच्या तळाशी राहिलेला बटाटा आणि भात-भाकरीचे आणखी चार घास. पातेलं लख्ख झालं, तसं तिनं ते मोरीत ठेवलं.

वाटीत सकाळच्या चहाचा एक चिंचोका हलला होता, बाकीचे तसेच होते.

चारुताचा राग अगदी ओठांपर्यंत आला. पण मालूनं वळून पाहिलं, तेव्हा तिच्या तोंडावर चोरी पकडल्याचं काहीच नव्हतं. उलट ती खूश झाली. "आलीस? बस, आता आपन दोगी जेवू."

"आई... आत्ता खाल्लंत त्याचे चिंचोके?"

"कसले? मी अजून जेवले कुटं?"

"हे आत्ताचं?"

"हे काय जेवन हाय?" मालू खरोखरच गोंधळली. "हे भांडं पुसलं. ताट घेऊन बसलं म्हंजे जेवन."

चारुता पिशवी खाली ठेवून पाटावर बसली. तिच्या लक्षात आलं की मालू खोटं बोलत नव्हती आणि तिचं शरीरही खोटं बोलत नव्हतं. काय मोजायचं हे चारुतानं शिकवलं होतं. जेवण कशाला म्हणायचं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"असं कधीपासून भांडं पुसताय?"

"लगीन झालं तवापासून. मिठागरावरनं यायचं, सगल्यांना वाढायचं. आपलं ताट घेतलं आनि कोन दारात आलं, तर त्याच्या म्होरं काय ठेवनार? म्हनून उबं ऱ्हाऊनच खायाचं, जे ऱ्हाईल ते. कोन नाय आलं तर ताट." तिनं मोरीतल्या पातेल्याकडे पाहिलं. "टाकायचं कसं गं? भात हाय तो."

रात्री चारुता भाकऱ्या थापायला बसली आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, आज आई आधी जेवतील."

"का? उपास हाय तिचा?"

चारुतानं सांगितलं. कोणालाही बोल न लावता, बालवाडीत सांगते तसं, एकेक करून. अवधूत खाली बघत राहिला.

"मी तर गावभर सांगत फिरलो," काशिराम म्हणाले, "की आमच्या हिच्या हाताचा अंदाज कदी चुकत नाय. भांडी बगावी तवा रिकामी." त्यांनी स्वतःचा पाट उचलून शेगडीच्या बाजूला मांडला. "बस."

"अवो, असं काय करता? पुरुषमानसं उबी आनि मी..."

"बस म्हनलं ना. आमी काय पळून जात नाय."

मालू नव्या सुनेसारखी अंग चोरून बसली. चारुतानं तव्यावरून भाकरी काढली आणि थेट तिच्या ताटात टाकली. भाकरी एका कडेला जाड, दुसरीकडे फाटलेली होती.

"उरनच्या खाडीचा नकाशा केलास की," मालू पुटपुटली. तिनं पापुद्रा उचलला, आतून वाफ आली, तसा तिनं हात झटकन मागे घेतला. मग फुंकर घालून घास मोडला आणि सावकाश चावत राहिली. तांदळाच्या हजारो भाकऱ्या या बाईनं भाजल्या होत्या.

"गरम भाकरी गोड लागते गं," ती हळूच म्हणाली.

चारुता तव्याकडे वळली. डोळ्यांत धूर गेला असं म्हणायची सोय नव्हती, शेगडी गॅसची होती.

सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात थोडा भात उरला. मालूचा हात सवयीनं पुढे गेला, त्याआधी काशिरामांनी पातेलं मांडीवर ओढलं. "मी काटकुळा हाय. मला डाक्तर काय बोलायचा नाय." आणि ते अगदी मन लावून कडा निपटू लागले. पहिल्यांदाच करत होते, निम्मा भात लुंगीवर पडला.

त्यानंतर भात बेतानं शिजू लागला आणि कोणी आलंच तर पुन्हा शेगडी पेटवायची असं ठरलं. काटा हळूहळू उतरला. मध्ये दोनदा अडून बसला. मालूची सवयही एका दिवसात सुटली नाही. कधी ती ताटली हातात घेऊन उभी दिसली, की मनस्वीच तिचं लुगडं ओढायची, "आजी, बसून!" पावसाळा संपता संपता आठवा किलो गेला आणि डॉक्टरांनी दिवाळीनंतरचा दिवस दिला.

निघायच्या सकाळी रिक्षा दारात आली. अवधूतनं पिशवी ठेवली. काशिराम उगाचच रिक्षावाल्याला खड्डे कुठे आहेत ते समजावून सांगत होते. मालू उंबऱ्यापाशी थांबली. तिला ऑपरेशनची भीती वाटत असेल म्हणून चारुतानं तिचा हात धरला.

"घाबरू नका, आई. मी दुपारी डबा घेऊन येतेच."

"माजं सोड," मालू म्हणाली. तिनं आत स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी नाय म्हंजे सगलं तुज्यावर येनार. यांना वाढशील, पोरीला भरवशील, मंग माजा डबा. आनि ओट्याशी उबी ऱ्हाशील भांडं पुसत. तुला वाटेल, कुटं ताट घ्यायचं."

चारुतानं आत ओट्याकडे पाहिलं.

"बस हां," मालू म्हणाली. "ताट घेऊन बस. मी तितं पडल्यापडल्या इचारीन, काय जेवलीस म्हनून."

आणि पोटावर हात धरून ती जपून पायरी उतरली.