उजव्या हाताचा पट्टा

"अरे, तू डावखुरा आहेस का?"

सिनेगॉगच्या म्हाताऱ्या रखवालदाराने विचारलं, तसा उजव्या हातावर तफिलीनचा काळा कातडी पट्टा गुंडाळणारा, कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर थांबला. आज तो पहिल्यांदाच घराबाहेर प्रार्थनेला आला होता.

"नाही काका. का?"

"मग उजव्या हाताला काय बांधतोयस? तफिलीन दुबळ्या हाताला बांधायची. तुझे बाबा डावखुरे, म्हणून ते उजव्याला बांधायचे. तू आपली हुबेहूब नक्कल मारलीस!"

टर्नरचं तोंड एवढंसं झालं. बाबा होते तोवर तो प्रार्थनेच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता. रोज सकाळी पट्ट्यात ओवलेली, धर्मवचनांची काळी डबी दंडावर बांधून ते शेमाची प्रार्थना म्हणायला बसत. "बस की जरा शेजारी," म्हणत. हा चहा ढोसत म्हणायचा, "उद्या बघू." बाबा गेल्यावर त्यांची मखमली पिशवी त्याने उघडली आणि आठवेल तसं एकट्यानेच शिकायला लागला. डावा हात आडमुठा. पट्टा घसरायचा, सातातले दोन वेढे सुटायचे, अर्धा तास मोडायचा. उशीर केल्याची ही शिक्षा, असं समजून त्याने सहा महिने ती निमूट भोगली. कारखान्यात लेथवरची पोरं हातावरचे वळ बघून विचारत, "वहिनींनी बांधून ठेवलं होतं का?" पण त्या अर्ध्या तासात बाबा शेजारी बसलेले असत, हे तो कुणाला सांगणार?

"म्हणजे सहा महिने फुकट गेले, काका?"

"वर काय पोचलं ते मला काय ठाऊक? आता कळलंय ना, मग नीट कर. डबीजवळची गाठ मात्र उलटी घालावी लागेल. ही डावखुऱ्याची आहे. सोडू?"

बाबांची चाळीस वर्षांची गाठ होती ती, घामाने दगडासारखी झालेली. टर्नरला नको म्हणावंसं वाटलं. पण प्रार्थना बाबांसाठी होती, ती चुकीची कशी चालेल?

"सोडा," तो म्हणाला.

रखवालदाराने आरी घालून ती सैल केली. त्याला बराच वेळ लागला.

दुसऱ्या सकाळी टर्नरने सरावाच्या उजव्या हाताने डाव्या हातावर पट्टा गुंडाळला. सातही वेढे एका दमात बसले. शेमा म्हणून झाला तरी कपातला चहा गरमच होता. पहिल्यांदाच काही चुकलं नव्हतं. तो तसाच बसून राहिला, आणि बाबा गेले हे त्याला त्या सकाळी कळलं.